ताटातली सुरी

बिभीषणनं माजा पुढचा दात पाडला तवा मी खरं बोलत हुतो. जन्मभर लोकांना येडं बनवलं, कुणी बोट लावलं न्हाय. एकदाच खरं बोललो आन् थोबाड फुटलं.

मी करीम. ऱ्हातो शुक्रवार पेठेत, चालवतो छोटा हत्ती टेंपो. मंद्रूपच्या बाजारातनं शेळ्या-मेंढ्या भरायच्या आन् सोलापुरात आणून उतरवायच्या, हा धंदा. पन्नाशी आली तरी माजी खोड जात न्हाय. पेठेत कुणाच्या स्कूटरच्या सीटखाली सुका बोंबील निघाला तर लोक आदी माज्या दारात येतात. लग्नात समद्या चपलांच्या जोड्या मोडून ठेवल्या असल्या तर काझीसायेब बी माज्याकडंच बगतात. बिबीजान, माजी बायको, म्हणती की तुमी मेलात तरी लोक दफन करायच्या आदी गुदगुल्या करून बगतील.

तर असल्या माणसाचं खरं कोण ऐकणार? तेचीच ही गोष्ट.

गुंडा माजा जुना दोस्त. मंद्रूपच्या भायेर तेचं घर, मागं मेंढरं. तेला नाद टक्करीच्या एडक्यांचा. दोन एडके लांबनं पळत यायचे, टाळकं टाळक्यावर आपटायचं, नारळ फुटल्यागत आवाज व्हायचा, आन् गुंडाच्या तोंडाला पाणी सुटायचं. एक बारी तेचा एडका हरला. गुंडानं तितंच मैदानात तेच्या मानंवर पाय दिला आन् कापला. एडका अजून धापा टाकत हुता. हरल्यालं तोंड घरी न्यायचं न्हाय, म्हणला.

असल्या माणसाला पोरगा झाला. आज्याचं नाव ठेवलं, बिभीषण. आज्या म्हंजे गुंडाचा बाप. तेनं कुराडीनं एका भावकीवाल्याचा खांदा उतरवल्याला, जेलातच मेला.

पोराच्या उष्टावणाला मी हुतो. गुंडाच्या घरात रीत अशी, की पयला घास भरवायच्या आदी पोराच्या म्होरं ताट मांडायचं. ताटात माती, लोकर, पेन, भाकरीचा तुकडा आन् एक हत्यार. पोर जे उचलंल ते तेचं नशीब. आन् एकदा उचललं की ते तेच्या हातातनं काढून घ्यायचं न्हाय. पोर आपसूक सोडंपतोर कुणी हात लावायचा न्हाय, न्हायतर नशीब रुसतं म्हणं.

त्या दिवशी हत्यार ठेवायचंच राहिलं. पावणे बसल्याले, पोर किरकिरतंय. गुंडा चुलीकडं पळाला. तितं हुग्गीसाठी, म्हंजे गव्हाच्या गोड खिरीसाठी, गुळाची ढेप फोडायचं काम चालल्यालं, मेंढरं सोलायच्या सुरीनं. तेनं तीच सुरी उचलली आन् ताटात टाकली. पुसली बी न्हाय. पात्यावर गूळ चिकटल्याला मला चांगला दिसत हुता, कारण मी त्याच ढेपेतला खडा गालात धरून उभा हुतो की.

पोर रांगत आलं. मातीकडं बगितलं न्हाय, पेनाकडं बगितलं न्हाय. सुरी धरली पात्यावरनं आन् सरळ तोंडाकडं नेली. तळहात चिरला. लोकर लाल, भाकर लाल. पोर किंचाळतंय आन् मूठ आवळतंय, जितकं किंचाळतंय तितकी मूठ आवळतंय. अंबुबाई, तेची आई, झेपावली तर गुंडानं तिला केसाला धरून मागं वढलं. रीत हाय, म्हणला. बाया रडाय लागल्या आन् हा हसत हुता.

"सुरी उचलली बगा माज्या वाघानं."

मी म्हणलं, आरं गुंडा, पात्याला गूळ हाय, पोर गूळ चाटाय गेलंय. समदे फिदीफिदी हसले. त्याच सकाळी मी पावण्यांच्या चहात मीठ घातल्यालं. करीमचं चाललंच हाय, म्हणले.

मंग ती सुरी देवाऱ्यात गेली. हळदकुंकू, दसऱ्याला झेंडूचं फूल. आन् गुंडानं पोराला सुरीगत घासला. रडलं की मार. मार खाऊन रडलं की अजून मार. कुणी ढकललं म्हणून पोर घरी आलं तर दार बंद. आत यायचं तर ढकलणाऱ्याचं रगत दाखव, म्हणायचा. एक दिवस बिभीषण दगड घेऊन गेला, एका पोराची भुवई फाडली आन् लाल हात दाराला पुसून उभा राहिला. त्या दिवशी गुंडानं तेला मांडीवर घेतलं आन् आपल्या हातानं मटण भरवलं. बापाच्या मांडीवर बसल्याची तेवढीच एक आठवण हाय त्या पोराकडं.

पुढचं इचारू नका. बाजारात एका दलालाचा कोपर तेनं उलटा मोडला, वाळल्या काटकीगत आवाज आला. जत्रंत एकाचा जबडा गेला, तो अजून पेज पितो. लोकं तेला नावानं हाक मारीनात. सुरी आली, म्हणायचे, सरका बाजूला. तो बी लांबनं आपलं नाव ऐकल्यागत मान वर करायचा.

का असा झाला, तर घरात तीन मतं. अंबुबाई म्हणायची रगत, सासऱ्याचं रगत हाय ते, कुटं जाईल. गुंडा म्हणायचा ताट. आन् तिसरी ऋतुजा, बिभीषणची धाकटी बहीण. ही सोलापुरात ऱ्हाऊन बी.एड. करती. तिच्या बुकात असं हाय की, मोठ्या माणसाला बाहुलीला लाथा घालताना लहान पोरांनी बगितलं, तर एकटी सोडल्यावर ती पोरं बी त्या बाहुलीला लाथा घालतात, वरनं आपल्या डोक्यानं दोन जादा. मी म्हणलं, पोरी, आमच्या पेठेत ये, ह्येला बुक कशाला पायजे? ती हसली न्हाय.

"चाचा, मी बी त्याच घरात वाडले की," म्हणली. "पण मला कुणी ताटच मांडलं न्हाय."

खरंच हुतं. पोरीच्या उष्टावणाला गुंडानं ताट मांडायचा तरास घेतला नव्हता. म्हणून तिच्याकडनं कुणी काय अपेक्षाच केली न्हाय, आन् ती सुटली.

आता औंदा काय झालं. चोरून लावल्याल्या टक्करीत गुंडाचा एडका मैंदर्गीच्या शिवयोगीच्या एडक्यानं आडवा केला. गुंडा भर बाजारात शिवयोगीच्या आईवर गेला. शिवयोगीनं एकच ठेवून दिली. गुंडाचा फेटा उडून शेणात पडला, आन् बाजार हसला. मी बी हसलो, खोटं कशाला सांगू. गुंडा उठला, शेण झटकलं आन् लई गार आवाजात म्हणला, माज्या घरात सुरी हाय.

तेच्या नातवाचं, म्हंजे बिभीषणच्या पोराचं, उष्टावण तोंडावर आल्यालं. गुंडानं बेत केला. तीच सुरी ताटात ठेवायची. नातवानं उचलली आन् सोडली, की ती बिभीषणनं उचलायची आन् निघायचं मैंदर्गीला, शिवयोगीच्या पोटात घालायला. गाडी माजी. मी नायतरी शेळ्या आणाय तिकडं जातो, कुणाला संशय येणार न्हाय. मला तेनं इचारलं न्हाय, सांगितलं.

ऋतुजा मला पेठेतल्या चहाच्या गाड्यावर गाठून बोलली. दादा जाणार, म्हणली. तेला जायचं न्हाय, पण न्हाय म्हणायला तेला कुणी शिकवलंच न्हाय. मारून आला की जेल, न्हाय मारलं की आबा तेला जगू देणार न्हाईत. आन् पोराला बी तीच सुरी धरायला लावणार. तुमी तेला गुळाचं सांगा, चाचा. तुमी बगितलंय.

मी म्हणलं, माजं कोण ऐकतंय?

"तुमचं खोटं समदे ऐकतात. एकदा खरं सांगून बगा."

सांगितलं की. मंद्रूपच्या रस्त्यावर, बिभीषण माज्या शेजारी बसल्याला, मागं शेळ्या वरडत हुत्या. म्हणलं, हात दाव. तळहातावर आडवा वळ, करंगळीपासनं आंगठ्यापतोर. म्हणलं, बेट्या, हे नशीब न्हाय, हा गूळ हाय. आन् समदं सांगितलं, ढेप, चूल, न पुसल्याली सुरी. तेनं नीट ऐकलं. गाडी थांबव म्हणला. थांबवली. पयल्या गुद्द्यात दात गेला, दुसऱ्यात डोळा मिटला, तिसऱ्याला माजं टाळकं काचंवर आपटलं आन् काचंला जाळं पडलं. तो तापल्याला नव्हता, ते जास्त वंगाळ. लाकूड फोडल्यागत मारत हुता.

मंग थांबला. तेचाच श्वास चढल्याला.

"ती सुरी खोटी असंल तर चाचा, मी ज्यांची हाडं मोडली ती कशापायी मोडली? सांग की."

तोंडात रगत. तेनं सीटखाली वाकून माजा दात शोधला, पँटीला पुसला आन् माज्या खिशात ठेवला. खाली उतरून चालत गेला.

घरी बिबीजाननं बगितलं. दाँत किदर गया जी, म्हणली. मी खिशातनं काडून दाखवला. दोन घटका ती माज्याशी बोलली न्हाय, तिला वाटलं ह्यो बी खेळच हाय.

गुंडाच्या कानावर गेलं. करीम म्हणतो सुरीला गूळ हुता. गुंडा हसला म्हणं. पण जरा उशिरा हसला.

उष्टावणाच्या दिवशी मी सुजल्यालं तोंड घेऊन गेलो. न्हाय जाऊन कसं चालंल, गाडी माजी हुती. दारात दोन बोकडं पाडल्याली, अंगणात रगत साकळल्यालं, कुत्री त्यात पाय रुतवून उभी. गुंडानं गाडी रस्त्याकडं तोंड करून लावायला लावली. आत भावकी भिंतीला टेकून बसल्याली. बिभीषणची बायको काशम्मा पोराला उराशी धरून बसल्याली. ती अक्कलकोटच्या खालची, भ्याली की कानडीत बोलती. बिभीषण पांढराफेक सदरा घालून कोपऱ्यात उभा, कुणाकडं बगत नव्हता. माज्या तोंडाकडं तर अजिबात न्हाय.

ताट गुंडानं एकट्यानं मांडलं. कुणाला जवळ येऊ दिलं न्हाय. देवाऱ्यातनं सुरी काडली, पाठ फिरवून बराच वेळ पुसत बसला, मंग ठेवली.

आता माजी खोड. पोराला आशीर्वाद द्यायला म्हणून मी वाकलो आन् गाडीची चावी ताटात सोडली. त्याच्या आदी ती चुलीवरच्या हुग्गीत बुडवून आल्यालो. गुंडानं बगितलं, तेचे डोळे फिरले. पण ताटात पडल्यालं उचलायचं न्हाय, ही बी तेचीच रीत. दातावर दात ठेवून गप बसला. मी फाटल्या ओठानं जमंल तेवढं हसलो.

काशम्मानं पोर खाली ठेवलं. ते रांगाय लागलं.

तेवढ्यात बिभीषणची मान खाली वळली. देवाऱ्याच्या भिंतीवरनं मुंग्यांची रांग उतरत हुती, तांबड्या. फरशी ओलांडून ताटात, मातीवरनं, भाकरीला वळसा घालून, थेट सुरीच्या पात्यावर. काळंभोर पातं तांबडं हालत हुतं. सुरी तर एवढी वर्सं देवाऱ्यात, गुळाच्या जवळ गेल्यालीच न्हाय. बिभीषणनं मुंग्या बगितल्या, मंग बापाचा हात बगितला. गुंडा आंगठा आन् बोट एकमेकाला घासत हुता. चिकटत हुतं.

अंबुबाई बी मुंग्यांकडंच बगत हुती. हळू म्हणली, स्वतःशीच म्हणल्यागत:

"तवा बी मुंग्या हुत्या. तुजा ओठ सुजल्याला, बाळा. मी म्हणलं दिष्ट लागली."

पोराचा हात पात्याकडं गेला. काशम्मा वरडली, ब्याड, ब्याड, नको. बिभीषणनं उडी घातली आन् पोराच्या बोटाआदी पातं आपल्या मुठीत धरलं. त्याच हातानं, त्याच वळावर. रगत मनगटावरनं बाहीत गेलं.

गुंडा उठला. रीत मोडली, म्हणला, आन् काठी बिभीषणच्या कानशिलावर घातली. कान फुटला. दुसरी घातली ती खांद्यावर, काठीच मोडली. तिसरी मोडल्या टोकानं, गालात रुतली. बिभीषणनं समद्या खाल्ल्या, लहानपणी खायचा तशा, न रडता. मंग तेनं बापाच्या छातीला धक्का दिला, उताणा पाडला, गुडघा छातीवर रवला आन् डाव्या हातानं जबडा मागं दाबला. सोलायच्या आदी मेंढरू असंच धरतात. हे बी गुंडानंच शिकवल्यालं. चुलता सोडवाय आला तर बिभीषणनं मान न वळवता कोपर मारला, चुलत्याचं नाक बसलं, तो तोंड धरून भिंतीला घसरत गेला. मंग कुणीच पुढं आलं न्हाय. ऋतुजानं माजी बाही धरल्याली. मला त्या टायमाला एक बी इनोद सुचला न्हाय, आल्लाची कसम.

सुरी गुंडाच्या ओठावर टेकली.

"चाट."

गुंडानं तोंड मिटलं. बिभीषणनं पातं दाबलं.

"तुजं उष्टावण राहिलंय, आबा. चाट."

गुंडानं जीभ काडली. चाटलं. जीभ कापली, गूळ, रगत आन् मुंग्या समदं हनवटीवरनं खाली आलं.

"गोड हाय?"

"व्हय."

"तवा बी गोड हुती?"

"तवाचं मला ठाव न्हाय," गुंडा कापल्या जिभंनं बोलत हुता, शब्द फुटत नव्हते. "ह्या बारीला लावला. करम्यानं सांगितल्यावर. नातवानं न्हाय उचलली तर लोकं काय म्हणतील."

बिभीषणनं सुरी वर उचलली आन् जीव खाऊन खाली आणली. अंबुबाईनं डोळं झाकलं. सुरी गुंडाच्या कानाची पाळी कापून फरशीवर बसली आन् मुठीपासनं मोडली. पातं उडून देवाऱ्याखाली जाऊन पडलं. बिभीषण मोडकी मूठ हातात धरून तसाच बसला, बापाच्या छातीवर, धापा टाकत. टक्करीनंतर एडके असेच उभे ऱ्हातात. मारायचं सपल्यालं असतंय, पण पायाला ते कळत न्हाय.

मंग तो उठला. गुंडा उठला न्हाय. कान धरून, रक्ताची लाळ गाळत पडल्या पडल्या म्हणतो कसा, गाडी काडा. मैंदर्गी. कुणीबी जा, पण जा. बिभीषणचा चुलत भाऊ कुऱ्हाडीकडं वळला बी. चावी कुटाय, म्हणला.

समद्यांनी ताटाकडं बगितलं. एवढा गोंधळ झाला, माती सांडली, पेन कुटं गेलं, आन् मदी ते पोर बसल्यालं. माजी चावी तोंडात घालून चोखत हुतं, लाळंनं पोट ओलं. चुलत भाऊ हात घालाय वाकला.

"काडायची न्हाय," ऋतुजा म्हणली. आवाज चढवला बी न्हाय. "रीत हाय आपल्या घरची. पोर आपसूक सोडंपतोर."

त्यो गुंडाकडं बगाय लागला. गुंडानं तोंड फिरवलं. आत्ताच रीत मोडली म्हणून तेनं बिभीषणचा कान फोडल्याला, भावकी बगत हुती. कुऱ्हाड भिंतीला टेकली. एक एक पावणा चपला शोधाय लागला, आन् चपला बी सापडंनात, कारण तेंच्या जोड्या मी आल्याआल्या मोडून ठेवल्याल्या.

पोरानं चावी काय सोडली न्हाय. चोखता चोखता झोपलं, झोपंत बी मूठ आवळल्यालीच. त्या दुपारी मैंदर्गीत शिवयोगी एडक्याला पाणी पाजत बसला असंल, तेला कुणी कळवलं बी न्हाय.

बिभीषण उंबऱ्यात बसल्याला, झोपल्यालं पोर मांडीवर. ताटातली लोकर उचलून तेनं तळहातात दाबून धरल्याली, ती पार लाल झाल्याली. कानातलं रगत सदऱ्यावर वाळाय लागल्यालं. मी गाडीशिवाय जाणार कुटं? तेच्या शेजारी जाऊन बसलो, पण हाताच्या अंतरावर.

मंग तेनं पोराच्या मुठीकडं बगितलं.

"चाचा, चावीला काय लावल्यालं?"

पयल्यांदा मनात आलं, काय न्हाय म्हणावं, नशीबच तेचं, मोठा डायवर होणार म्हणावं. सवय. पण उरल्याल्या दातांवरनं जीभ फिरवली आन् म्हणलं, हुग्गी.

तेनं हात उचलला. मी दोनी हातांनी तोंड झाकलं.

तेनं त्या हातानं पोराच्या ओठावरची मुंगी काडली.